'शुभ अंका'च्या चौकटीत खरी संख्या छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात राशिभविष्याखाली रोज 'शुभ अंक' येतो. त्या चौकटीविषयी लिहितो आहे.

आमच्याकडे केए-२२ ची (म्हणजे बेळगाव पासिंगची) नवी गाडी घेताना नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून लोक जादा पैसे मोजतात. बेरीज करत करत शेवटी नऊ उरणे म्हणजे त्या संख्येला ९ ने निःशेष भाग जाणे, एवढेच. ०००१ ते ९९९९ मध्ये असे नंबर १,१११ आहेत, म्हणजे दर नववा. त्यात भाग्य कुठून आले?

संख्येत नवल असते, पण ते वेगळे. ३८१६५४७२९ ही संख्या पाहा. अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस. १ ते ९ हे अंक तिच्यात एकेकदाच आले आहेत. डावीकडून ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असे करत पूर्ण संख्येला ९ ने. या नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्या होतात. त्यांत हे साधणारी ही एकटीच.

सुट्टीत खानापूरला आमच्या कट्ट्यावर माझा मराठी शाळेतला नातू आणि शेजारची कन्नड माध्यमातली मुलगी ती शोधायला बसली. पाचव्या जागी ५ आणि सम जागी सम अंक, हे पटकन जमले. ९ ची तर काळजीच नको, कारण सगळ्या अंकांची बेरीज ४५. मग मुलीच्या ध्यानात आले की तिसरा अंक विषम असल्याने चौथा २ किंवा ६ च हवा, आठव्याचेही तसेच. म्हणजे ४ आणि ८ दुसऱ्या नि सहाव्या जागी. ३ ची कसोटी लावल्यावर मधले तीन अंक २५८ किंवा ६५४ एवढेच उरले. ८ ची लावली आणि साडेतीन लाखांवरून गाडी दहा संख्यांवर आली! उरला ७. तिथे भागाकाराला पर्याय नव्हता. ती पाढा कन्नडमधून म्हणत होती, हा मराठीतून, आणि भागाकार एकाच वहीत. ३८१६५४७ भागिले ७, बाकी शून्य, भागाकार ५४५२२१. बाकीच्या नऊ गळाल्या.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ चा गुणधर्म १९४९ साली मांडला, तोही असाच आकडेमोडीतून. (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येते.) आपल्या सीमाभागातल्या मुलांना मोठी संख्या भेटते ती बहुधा गृहपाठातल्या गुणाकारात, आणि तिथेच ती नकोशी होते. याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून विनंती, ती चौकट आठवड्यातून एक दिवस तरी अशा संख्येला द्या. पहिल्या दिवसासाठी एक सुचवतो : कोणतीही तीन अंकी संख्या दोनदा जोडून लिहा, जशी ३५२३५२. तिला ७, ११ आणि १३ या तिन्हींनी निःशेष भाग जातो. का, ते मुलांनी शोधून आपल्याला कळवावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)