केसपेपरवर न येणारी माहिती

सॅन फ्रान्सिस्को

प्रिय सुजाता,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारले होतेस, की अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांत मधुमेह आणि स्थूलपणा अधिक आहे, म्हणूनच करोनाने त्यांना एवढ्या मोठ्या संख्येने रुग्णालयात आणले का. डॉक्टर म्हणून हा प्रश्न तुला आधी सुचावा हे स्वाभाविक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. करोनाच्या आधीच्या सरकारी आकडेवारीत मधुमेहाचे निदान झालेल्या प्रौढांचे प्रमाण गोऱ्या लोकांत सुमारे 7.5 टक्के, तर लॅटिनोंमध्ये 12.5 टक्के होते. परंतु वयातला फरक जमेस धरूनही 2020 च्या उन्हाळ्यात रुग्णालयात दाखल होणाऱ्या लॅटिनोंचे प्रमाण गोऱ्यांच्या चौपटीच्या आसपास होते. एवढी तफावत केवळ रक्तातल्या साखरेच्या माथी मारता येईल, असे मला वाटत नाही.

या शहरातल्या मिशन भागात 2020 च्या एप्रिलअखेर विद्यापीठाचे वैद्यकीय संशोधक आणि वस्तीतले कार्यकर्ते यांनी मिळून एका वस्तीतल्या हजारो लोकांची तपासणी केली. तपासलेल्यांत लॅटिनो निम्म्याहून कमी होते, तरी ज्यांना संसर्ग आढळला त्यांतले सुमारे 95 टक्के लॅटिनो निघाले. आणि संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के लोकांना घरी बसून काम करणे शक्यच नव्हते. आपल्याकडून इथे आलेली संगणकक्षेत्रातली बहुतेक मराठी कुटुंबे त्या महिन्यांत घरातूनच काम करत होती, आणि त्यांच्या दारात येणारा किराणा, हॉटेलचे जेवण, साफ होणाऱ्या इमारती, हे सारे ज्यांच्या हातून होत होते त्यांत याच वस्त्यांतली माणसे फार मोठ्या संख्येने होती. घरभाडे इतके भारी, की दोनतीन कुटुंबे एका घरात राहतात. मग कामावरून एकाने आणलेला आजार वेगळ्या खोलीत ठेवायचा तरी कोणत्या?

रजेचे म्हणशील, तर मार्च 2020 मध्ये पगारी आजारपणाच्या रजेचा कायदा झाला, पण 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खासगी कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या. त्याच महिन्यात प्रत्येक प्रौढाला 1200 डॉलरपर्यंत मदत जाहीर झाली. ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक (इथला सरकारी ओळख-क्रमांक) नाही, त्यांनी नियमाने कर भरला असला तरी ती मिळाली नाही, आणि अशा माणसाबरोबर एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या नागरिक जोडीदारालाही सुरुवातीला नाकारली गेली. एप्रिलअखेर मांसप्रक्रियेचे कारखाने चालू ठेवण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला, आणि त्या कारखान्यांच्या ओळींत खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्यांत लॅटिनो स्थलांतरितांचा वाटा मोठा आहे. अशा माणसाला "घरी थांबा" असे सांगणाऱ्याने त्याच्या भाड्याची सोय केली नव्हती, याचा मला आजही संताप येतो.

भीतीचा भाग याहून अवघड आहे. सरकारी मदत घेणाऱ्या स्थलांतरिताला कायमच्या वास्तव्याचा परवाना नाकारता येईल, असा नियम 24 फेब्रुवारी 2020 रोजी लागू झाला. करोनाच्या उपचारांना तो लागू नाही, हे मार्चमध्ये जाहीर झाले खरे, पण बसलेली भीती एका परिपत्रकाने कुठे जाते? वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्यांना 2010 च्या आरोग्यविमा कायद्याने उभारलेल्या सरकारी विमा-बाजारातून विमा स्वतःच्या पैशानेही घेता येत नाही, आणि गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून त्यांना बहुतेक ठिकाणी तातडीचेच उपचार मिळतात. मधुमेह वर्षानुवर्षे आटोक्याबाहेर राहतो तो यामुळेही. म्हणजे तुझ्या प्रश्नातला मधुमेहही काही अंशी याच परिस्थितीतून आलेला आहे.

डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या सार्वजनिक रुग्णालयांतून बरे होऊन गेलेल्या 60 लॅटिनो प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या अनेकांना सुरुवातीला हा आजार लांबचा वाटला होता. नोकरी आणि घर जाण्याची धास्ती त्याहून जवळची होती. बिलाच्या आणि हद्दपारीच्या भीतीने दवाखान्यात जायला ते कचरले. डॉक्टर-परिचारिकांविषयी आणि आपल्या भाषेत बोलायला मिळाल्याबद्दल त्यांनी मनापासून कृतज्ञता व्यक्त केली आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने तर त्या वसंतात स्पॅनिश बोलणाऱ्या डॉक्टरांचा खास गटच उपचारांत उतरवला होता. मात्र मुलाखती दिलेल्यांची एक तक्रार मला फार महत्त्वाची वाटते: घरी सोडताना पुढे काय करायचे, कुठे जायचे, याची पुरेशी माहिती आणि साधने हाती दिली गेली नाहीत.

2019 मध्ये अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाचे सरासरी आयुर्मान सुमारे 82 वर्षे, म्हणजे गोऱ्यांपेक्षाही अधिक होते. 2021 पर्यंत ते 78 च्या खाली आले.

उपाय नव्हता असे नाही. या शहराने 2020 च्या जुलैपासून संसर्ग झालेल्या कामगाराला दोन आठवड्यांच्या किमान वेतनाइतकी रक्कम, सुमारे 1285 डॉलर, द्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी कागदपत्रांची अट ठेवली नाही. मला ते औषधाइतकेच आवश्यक वाटते.

मुलाखतींचा तो लेख तुला पाठवत आहे. त्यातला घरी सोडण्याविषयीचा भाग आधी वाच, आणि तुमच्या रुग्णालयात रुग्णाला सोडताना त्याच्या रोजगाराची, घरातल्या माणसांची चौकशी कोण करते, ते सविस्तर कळव.

तुझी,
अनघा