चाळीस किलोमीटरचा दिवस

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आवाज तुटत होता, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. बाबांचं शेवटचं वाक्य मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं. "दिवसभरात सायकलने चाळीसच किलोमीटर? अगं, तीस तर मी सायकलवर कामावर जाऊन-येऊन करायचो!" करायचात, मान्य. पण तुमचा तो रस्ता तळहातासारखा सपाट होता, हे सांगायच्या आतच फोन कट झाला. तेव्हा आता सविस्तर लिहिते.

मी सायकलवर फिरतेय ते एक्समूर म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचा डोंगराळ भाग. थोडा डेव्हनमध्ये, बराचसा सॉमरसेटमध्ये. 1954 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण पसारा फार मोठा नाही, 693 चौरस किलोमीटर. सगळ्यात उंच जागा डंकरी बीकन, तीही 519 मीटर. आकडा ऐकून बाबा हसणार, मला माहीत आहे. पण इथे दमवतो तो चढ. ही जमीन समुद्राकडे हळूहळू उतरत जात नाही. वर पठार आहे आणि ते थेट पाण्याच्या काठाशी येऊन तुटतं. इंग्लंडमधला सर्वांत उंच समुद्रकडा, ग्रेट हँगमन, याच किनाऱ्यावर आहे, 318 मीटरचा. पठारावरच्या ओढ्यांना समुद्र गाठायला अंतर थोडं आणि उतार भरपूर, म्हणून त्यांनी खोल, अरुंद घळी कोरून काढल्यात. किनाऱ्याने जाणारा रस्ता यातल्या काही घळींत उतरतो आणि पलीकडून पुन्हा वर चढतो. नकाशावर दोन गावांमध्ये बोटभर अंतर दिसतं आणि मधे अख्खी सकाळ जाते.

या सगळ्यात बदनाम चढ पोरलॉक गावाजवळचा, पोरलॉक हिल. मुख्य रस्ता आहे तो, गाड्या-ट्रक सगळं तिथूनच जातं, आणि सगळ्यात तीव्र ठिकाणी चढ चारास एक. म्हणजे चार मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. साधारण तीन किलोमीटरमध्ये जवळजवळ 400 मीटर चढायचे. पायथ्याशी चालकांना लहान गिअर टाकायला सांगणारी पाटी आहे, आणि वरून उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचा जळका वास वळणावर नाकात जातो. माझ्या सायकलच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल साधारण दीड मीटर पुढे जाते. बाबा, तुमच्या त्या बिनगिअरच्या सायकलवर तोच फेरा पाच मीटरच्या वर न्यायचा. म्हणजे मी पाय तिप्पट फिरवते आणि जोर एक तृतीयांश लावते. शिवाय मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बॅगा: कपडे, पावसाचं जाकीट, दोन ट्यूब, पंप, खाणं. एवढं वजन घेऊन चारास एकच्या चढावर वेग चालण्याइतकाच राहतो, आणि वेग इतका पडला की हँडल डगमगायला लागतं. मागून ट्रक येत असताना डगमगणं मला परवडणारं नाही.

तर मी तो चढ चढलेच नाही. हौशी लोक घड्याळ लावून चढतात, त्यांचं त्यांना लखलाभ. पोरलॉकमधूनच दुसरा एक खासगी टोल रस्ता निघतो. चढ चौदास एक, लांबी सहा-साडेसहा किलोमीटर, सायकलवाल्यांनाही थोडासा टोल. अंतर दुप्पट, पण सगळा रस्ता रानातून वळणं घेत जातो आणि रहदारी नावापुरती. माझ्या मते या सबंध भागातला सायकलसाठी सर्वांत चांगला चढ हाच. दम लागतो, पण बोलता येईल इतकाच. झाडं मधूनच बाजूला होतात आणि खाली पोरलॉकचा सगळा उपसागर दिसतो. त्याच्या काठाने गोट्यांचा लांबलचक बांध आहे. ऑक्टोबर 1996 च्या वादळात समुद्राने तो फोडला आणि मग लोकांनी तो बुजवला नाही. आत भरतीचं पाणी येऊ दिलं. मागची कुरणं खारट दलदल झाली, झाडं मिठाने मेली. ती झाडं पांढरी पडून अजून उभी आहेत, आणि त्यांच्या मधल्या चिखलात पक्षी चरतात.

आई, तुला रान आवडलं असतं. पोरलॉकच्या अलीकडे हॉर्नर वुड म्हणून जुनं ओकचं जंगल आहे. आपल्या डोळ्यांसमोर ओक म्हणजे भलाथोरला वृक्ष येतो, पण इथली बरीचशी झाडं वाकडीतिकडी आहेत. कोळशासाठी आणि कातडी कमावायला लागणाऱ्या सालीसाठी शतकानुशतकं छाटलेली. समुद्रावरून ओली हवा सतत येते, त्यामुळे एकही फांदी उघडी नाही. खाली शेवाळ, त्यावर नेचे, आणि टोकांना दगडफूल लोंबतंय. हो, तुझ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतलं. सायकल ओढ्याकाठी उभी करून मी एका बुंध्याला हात लावला तर बोटं दुसऱ्या पेरापर्यंत शेवाळात गेली, आणि आत साल लागलीच नाही. तिथे किती वेळ गेला ते मोजलं नाही. बाबा, तुमच्या चाळीस किलोमीटरचा हिशोब करताना हाही वेळ धरा.

किनाऱ्याचीही एक गंमत आहे, तिलाही वेळ लागतो. पोरलॉक वेअर हे छोटंसं बंदर. मी पोहोचले तेव्हा बंदरात पाणीच नव्हतं. होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या, दोर सैल पडलेले. ब्रिस्टल चॅनेल या इथल्या खाडीची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींमध्ये गणली जाते. खाडी आत जाते तशी निमुळती होते, पाण्याला पसरायला जागा उरत नाही, मग ते वर चढतं. पार वरच्या टोकाला, एव्हनमाउथजवळ, तर मोठ्या भरतीला 14 मीटरच्या आसपास. मी डबा खाऊन, चेनला तेल घालून होईपर्यंत चिखलातून पाण्याची एक जीभ आत आली, आणि थोड्या वेळात सगळ्यात जवळची होडी हलकेच सरळ व्हायला लागली.

याच बंदराची एक गोष्ट मला इथे कळली आणि बाबांची आठवण झाली. 12 जानेवारी 1899 ची संध्याकाळ. समुद्रात वादळ, आणि 'फॉरेस्ट हॉल' नावाचं जहाज किनाऱ्याकडे वाहत चाललेलं. 18 माणसं वर. मदतीला जाणारी 'लुईसा' ही बचावनौका किनाऱ्यावरच्या लिनमथ गावात होती, पण तिथे लाटा अशा की नौका पाण्यात लोटणंच अशक्य. मग कुणीतरी सुचवलं, जमिनीवरून पोरलॉक वेअरला नेऊ, तिथून सोडू. 21 किलोमीटर. गाडीसकट वजन 10 टनांच्या घरात, अठरा-वीस घोडे, शंभरेक माणसं, आणि पहिलाच चढ काउंटिसबरीचा, तोही चारास एक. रात्री आठच्या सुमाराला निघाले. चाक निखळलं, ते बसवलं. एके ठिकाणी रस्ता इतका अरुंद की गाडी जाईना. नौका खाली उतरवली, लाकडी फळ्यांवरून माणसांनी ओढली आणि गाडी माळावरून फिरवून आणली. मग पोरलॉक हिलचा उतार. आता घोड्यांनी आणि माणसांनी मागे ओढून धरायचं, नाहीतर नौका सगळ्यांना घेऊन खाली. पुढे एका बागेची भिंत आड आली, ती पाडली. पोहोचले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि पोहोचल्या पोहोचल्या ते खलाशी तसेच वल्ही घेऊन समुद्रात उतरले. जहाजावरची सगळी माणसं वाचली. चार घोडे मात्र दमून मेले.

एकवीस किलोमीटरला साधारण साडेदहा तास. मी जवळजवळ तोच रस्ता उलट्या बाजूने कापला, दिवसाउजेडी, रबरी टायरवर. आता बोला, बाबा.

काउंटिसबरीवरून लिनमथला उतरताना मी दोनदा थांबले. दम लागला म्हणून नव्हे, ब्रेक निवायला हवेत म्हणून. सतत दाबून धरले तर तापतात आणि पकड सुटते. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. शिवाय मेंढ्या रस्त्यात मनाला येईल तिथे बसलेल्या असतात, आणि माळाच्या हद्दीवर रस्त्यात आडव्या लोखंडी सळ्या टाकलेल्या असतात, गुरांनी ओलांडू नये म्हणून. ओल्या सळ्यांवर वळायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, सरळ जायचं. (आई, हे वाचून घाबरू नकोस. सवयीचं आहे.)

लिनमथ दोन नद्यांच्या तोंडाशी, घळीच्या तळाला वसलंय. 1952 च्या ऑगस्टमध्ये पठारावर एका दिवसात जवळजवळ 230 मिलिमीटर पाऊस पडला. जमीन आधीच भिजून तुडुंब होती, आणि ज्या घळी माझा दम काढतात त्याच घळींनी ते सगळं पाणी दगडांसकट रातोरात गावावर आणून ओतलं. 34 माणसं गेली. आता नदीचं पात्र रुंद करून घेतलंय, त्यामुळे गाव नदीपासून थोडं अंग चोरून उभं आहे.

आणि आता खास बाबांसाठी. लिनमथ खाली, लिंटन वर, मधे 150 मीटर उंचीचा कडा. त्यावर 1890 पासून एक रेल्वे चालते, बिनइंजिनाची आणि बिनविजेची. एका तारेच्या दोन टोकांना दोन डबे, प्रत्येक डब्याखाली तीन हजार लिटरच्या वर पाणी मावेल अशी टाकी. वरच्या डब्यात नदीचं पाणी भरतात, खालच्यातलं हवं तेवढं सोडून देतात. वरचा जड झाला की तो खाली येतो आणि दुसऱ्याला वर ओढतो. बस, एवढंच. पाणी नदीतून उताराने नळावाटे येतं, पंपाचीही भानगड नाही. सुटायच्या आधी चालक पाणी सोडतो तेव्हा रुळांवरून धो धो आवाज येतो. मी रेलिंगला टेकून किती फेऱ्या बघितल्या असतील! तुम्ही तर जेवायलाही हलला नसतात.

तिथून पुढे पठार चढून आत वळले. बीचच्या झाडांची उंच कुंपणं, हेदर नावाच्या झुडपांची जांभळी फुलं अंगावर घेतलेले माळ, डोळ्यांभोवती आणि नाकाशी फिकट रंग असलेले एक्समूर पोनी, म्हणजे इथले छोटे घोडे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात पन्नासच्या आसपास उरली होती, आता बरी सावरलीय. बार्ल नदीवर टार स्टेप्स म्हणून दगडी लाद्यांचा जुना पूल आहे, सतरा गाळ्यांचा, ना चुना ना सिमेंट. पुरात लाद्या वाहून जातात, म्हणून त्यांना नंबर घातलेत. पूर ओसरला की शोधून आणायच्या आणि नंबराप्रमाणे परत मांडायच्या. अवघड काही नाही, फक्त वजनं टनांत आहेत.

आई, तुझं नेहमीचं 'एकटी, एकटी'. घळीत फोनला रेंज नसते, म्हणून मी उतरायच्या आधी वरूनच मेसेज टाकते आणि मुक्कामी पोहोचले की पुन्हा. गाड्यांचं म्हणशील तर 2022 पासून इथल्या रस्ता-नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावं. सगळेच पाळतात असं नाही, पण अरुंद गल्लीवजा रस्त्यांवर लोक खरंच थांबतात, मागे घेतात, हात करतात. अंधार पडायच्या आत मी मुक्कामी असतेच. अंधार मात्र बघण्याजोगा: 2011 मध्ये युरोपातलं पहिलं 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे संरक्षित काळोख्या आकाशाचा प्रदेश, म्हणून मान्यता मिळाली ती याच पठाराला.

मुद्द्याचं आता. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं या. मुक्काम पोरलॉकला करू. जवळच्या माइनहेड गावापर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, बत्तीस किलोमीटरची, तिने येऊ. आईसाठी हॉर्नरच्या ओढ्याकाठची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही आणि जागोजागी बसता येईल. बाबांसाठी मी मोटर असलेली सायकल भाड्याने घेणार आहे. नाक मुरडू नका. पेडल मारल्याशिवाय ती मदत करत नाही, आणि ताशी 25 किलोमीटरनंतर ती मदतही बंद, इथला कायदाच तसा आहे. टोल रस्त्याने आपण दोघं सावकाश चढू, वरून परत फिरू. फक्त त्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि त्यांना 'थोडीशी सायकल' असं मोघम सांगू नका, चौदास एकचा चढ आणि सहा किलोमीटर असं नीट सांगा.

व्हिसाला वेळ लागतो. दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते काढून ठेवा आणि रविवारी फोनवर सांगा.

तुमची लेक