अंधारात आले, अंधारात गेले

संपादक महोदय,
स.न.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाविषयी 'रात्री निघा, सांदण आणि रतनगड उरकून रविवारी घरी' असा सल्ला वाचला. 'उरकून' या शब्दाने डोकं फिरलं, म्हणून हे पत्र.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघी मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, साम्रदला तीन रात्री राहिलो. ठाण्याहून कसारा लोकल, पुढे घोटीपर्यंत जीप आणि तिथून भंडारदऱ्यामार्गे ठरवलेली गाडी. उतरलो एका घरी, आणि त्या घरातलाच मुलगा रोज वाट दाखवायला बरोबर आला. रोज सकाळी निघायचं, ऊन कलताना चुलीपाशी परत. ओझं म्हणजे पाणी आणि भाकरी.

पहिल्या दिवशी सांदण, म्हणजे कातळातली खोल, अरुंद घळ. गावातून चालत फार लांब नाही. घळीत शिरलं की दोन्ही बाजूंना सरळ कातळ आणि सुरुवातीलाच गारढोण पाण्याचा डोह. दोर लागतो त्या टप्प्यावरून आम्ही निमूट मागे फिरलो. पावसाळ्यात तर घळीत पाऊलही टाकायचं नाही. वरच्या डोंगरांवरचं पाणी तिथूनच खाली कोकणात जातं.

दुसरा दिवस रतनगडाचा, आणि तो खरा. साम्रदकडून त्र्यंबक दरवाजाची वाट आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्यांची. उंची 1297 मीटर. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाच्या आरपार भोकात, आम्ही तासभर बसलो. वारा इतका की बोललेलं ऐकू येईना, म्हणून कोणी बोललंच नाही (आमच्या तिघींच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट). समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, मागे कळसूबाई, आणि पलीकडे भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरा या गडाच्या कुशीतूनच निघते, पुढे 1926 साली पुरं झालेल्या धरणात अडते. उतरलो शिड्यांच्या वाटेने रतनवाडीला. अमृतेश्वराचं मंदिर आणि पुष्करणी सावकाश पाहिली, मग जीपने साम्रद.

तिसऱ्या दिवशी पाय बोलत होते, म्हणून फक्त घाटघरचा कोकणकडा. तिथे 250 मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातलं पाणी खाली सोडायचं, मागणी उतरली की तेच पंपाने पुन्हा वर चढवायचं. पाण्याला एवढा घाट रोज चढावा लागतो हे ऐकून आमच्या गुडघ्यांना जरा बरं वाटलं.

आता तक्रार. आमच्या मुक्कामातच शनिवारी रात्री अडीचला मुंबईहून दोन बस आल्या. हॉर्न, स्पीकरवर गाणी, अंगणभर टॉर्च. घरच्या वहिनी तेव्हापासून पोह्यांना लागल्या. पाचला मंडळी घळीकडे गेली, संध्याकाळी जेवून बसमध्ये बसली. अंगणातले कागदी ग्लास वहिनींनी आणि आम्ही गोळा केले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मावशी, ही मानसं येत्यात तव्हाबी अंधार, जात्यात तव्हाबी अंधार." मेअखेरीला काजवे पाहायला गाड्यांची रांग लागते तेव्हा हेडलाइटच्या उजेडात काजवे कुठले दिसायला!

तरुणांना शनिवार-रविवारच मिळतो, हे मान्य. पण मग दोन दिवसांत एकच वाट करा, दिवसा पोहोचा, रात्री गावात झोपा, वाटाड्या गावातला घ्या. आपल्या पानावर 'किती ठिकाणं झाली' याऐवजी कुठली वाट कोणत्या महिन्यात बंद, पाणी कुठे मिळतं, कसाऱ्याहून परतीची शेवटची लोकल किती वाजता, हे छापलंत तर आमच्यासारख्यांनाही उपयोग होईल.

आणि साम्रदला 'अनवट' म्हणणं तेवढं थांबवा. रविवारी दुपारी तिथे गाडी लावायला जागा नसते.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व), मुंबई