माया लोक 'लुप्त' कधी झाले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माया लोकांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या बंडावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. मथळाच 'मायांचे जातियुद्ध'! या युद्धाच्या स्पॅनिश नावातला 'कास्ता' म्हणजे वंश, कूळ. हाच शब्द पोर्तुगीजांनी इकडे आणून आपल्या जातींना चिकटवला. आता आपण तो उलटा तिकडे चिकटवतो आहोत. शिवाय सरकारच्या बाजूने लढणारेही माया होतेच, त्यांना 'हिदाल्गो' म्हणत. लेखात त्यांचा पत्ता नाही.

बंड म्हणे 'अल्पजीवी' होते. जुलै १८४७ मध्ये मानुएल अंतोनियो आय या माया पुढाऱ्याला वायादोलिद शहरात देहदंड दिला आणि चौथ्या दिवशी दुसरा माया पुढारी सेसिलिओ ची तेपिच गावावर तुटून पडला. सरकारी फौजेचा जनरल ब्राव्हो बंडखोरांच्या राजधानीत, चान सांता क्रूझमध्ये, पोचला तो १९०१ साली. चोपन्न वर्षे अल्प असतील तर प्रश्नच मिटला.

पण खरा संताप आला तो 'लुप्त झालेली माया संस्कृती' वाचून. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका पर्यटन कंपनीबरोबर चिचेन इत्झाला, मायांच्या प्राचीन नगरीचे अवशेष पाहायला, गेलो होतो. आमच्या टूर मॅनेजरचे हेच पालुपद. मागे बसचा चालक आणि त्याचा मदतनीस माया भाषेत खिदळत होते! आजही सात लाखांवर माणसे ती बोलतात. वायादोलिदला जेवणे झाल्यावर मी विनंती केली, तिहोसुको गाव इथून फार लांब नाही, या युद्धाचे संग्रहालय आहे तिथे. दर्शनी भिंतच उडालेले चर्च आहे, त्या लढाईतले. उत्तर मिळाले, "काका, ते आयटिनररीत नाही." आयटिनररीत काय होते? चांदीच्या दागिन्यांचे दुकान. पावणेदोन तास! सौ.ने कानातले घेतले, ते महिन्यात काळे पडले, ते असो.

गंमत म्हणजे आपल्या लेखाखालीच त्याच कंपनीची अर्धे पान जाहिरात आहे. 'लुप्त' शब्द नेमका कुठून आला, हे आता विचारत नाही.

जाता जाता : शनिवारच्या शब्दकोड्यात उभा ७ ला चौकोन पाच आणि छापलेले उत्तर सहा अक्षरी. हे या महिन्यात दुसऱ्यांदा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा