आधी शहरांनी हिशेब द्यावा

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचे स्वागत करणारा लेख वाचला. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरवर बुलढाण्यापर्यंत न्यायला आमची हरकत नाही. तिकडच्या शिवारांना ते हवेच आहे. काळजी वाटते ती वाटेतल्या शहरांची. दूरचे पाणी दारात आले, की शहरातल्या जलवाहिन्यांची गळती शोधायची घाई कुणाला उरत नाही. मुळात सरकारी निकषानुसार शहरात माणशी दररोज १३५ लिटर, तर जलजीवन मिशनमध्ये गावात ५५. (तेवढे तरी नळाला रोज येते का, हे आमच्याकडच्या बायाबापड्यांना विचारा.) नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीचे वीज केंद्र वापरते, म्हणजे पुनर्वापर अशक्य नाही. कालव्यातून वाटा मागणाऱ्या प्रत्येक शहराने गळतीचे आणि पुनर्वापराचे आकडे आधी जाहीर करावेत.

– एक शेतकरी, पवनी (जि. भंडारा)