नानांच्या काचा आणि आत्जे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

नानांचा वाडा बिल्डरकडे गेला. वहिनींचा निरोप आला, माळ्यावरच्या फोटोंच्या निगेटिव्ह काचा नेणार असाल तर न्या, नाहीतर भंगारवाल्याला सांगितलंय. जाऊन आलो. एक प्लेट खिडकीशी उजेडात धरली. काळ्या चेहऱ्याचे गृहस्थ, डोईवर पागोटं, कोटाचं बटण न् बटण स्पष्ट. कडेला इमल्शनचे, म्हणजे काचेवरच्या फोटोच्या थराचे, पापुद्रे सुटलेत, पण कोपऱ्यातला नानांच्या हातचा आकडा अजून वाचता येतो. अशी खोकीच्या खोकी आहेत रे!

तिथेच जुन्या पॅरिसचे फोटो काढणारा आत्जे आठवला. तू लगेच म्हणणार, "तो भित्रा!" कॅन्टीनमध्ये याच्यावरून केवढं वाजलं होतं आपलं! चहा सांडला होता तुझ्या त्या पिवळ्या शर्टावर. पॅरिसवर पहिलं महायुद्ध आलं आणि पॅरिसचाच फोटोग्राफर घरात बसला, हा तुझा मुद्दा. मला तो तेव्हाही पटला नव्हता, आज तर मुळीच पटत नाही.

१९१४ साली तो सत्तावन्न वर्षांचा होता. दूध, पाव आणि साखर एवढ्यावर राहणारा माणूस. चित्रकार, ग्रंथालयं, संग्रहालयं हे त्याचं गिऱ्हाईक. युद्धात ते बसलं. त्याची सहचरी व्हॅलेंटिन, तिचा मुलगा लेओं आघाडीवर गेला तो परत आलाच नाही. १९१८ मध्ये जर्मनांची लांब पल्ल्याची तोफ शहरावर गोळे टाकत होती. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या त्या काचा, त्यांना एक हादरा पुरे. जे रस्ते, वाडे, जिने पाडले गेले ते त्या काचांवरच उरले होते. त्याने त्या तळघरात उतरवल्या आणि कॅमेरा जवळजवळ बाजूलाच ठेवला. याला भित्रेपणा म्हणायचं?

१९२० मध्ये त्याने सरकारच्या कला खात्याला लिहिलं : सत्तरीकडे चाललोय, मागे ना वारस ना हे काम पुढे नेणारा, मोल न कळणाऱ्यांच्या हाती पडून हे सगळं नाहीसं होईल, याची काळजी लागलीय. २,६२१ प्लेटा गेल्या १०,००० फ्रँकला. त्याच्या मृत्यूनंतर उरलेला बराच संग्रह १९२८ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर बेरेनिस ॲबटने घेतला, म्हणून आज आपल्याला दिसतो. नानांना कोण आहे? शेवटच्या भेटीत माझा हात धरून तेही हेच विचारत होते. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

चिनूचा निकाल कळला, फार आनंद झाला. तुझ्या बदलीचं काय झालं, ते कळव.

तुझं गॅरेज कोरडं आहे, माझ्याकडे भिंतींना ओल येते. शनिवारपर्यंत थांबायला वहिनी तयार आहेत. शुक्रवारी रात्रीची गाडी पकड. येताना बटर पेपर भरपूर आण, रद्दी नको, शाई लागते काचेला.

तुझा,
बंडू