पॉलिमरची फ्रेम कच्ची नसते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘फ्रेम प्लास्टिकची आहे, बाहेरून धातूची मागवून बसवा, पिस्तूल पक्कं होईल,’ असा सल्ला परवानाधारकांमध्ये सर्रास दिला जातो. (फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा मुठीसकट खालचा सांगाडा; पॉलिमर म्हणजे नायलॉनच्या जातीचे मजबूत प्लास्टिक.) तो चुकीचा आहे आणि थेट तुरुंगात नेऊ शकतो, म्हणून हे पत्र.

बार उडतो तेव्हा दाब झेलतात नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग. ही दोन्ही धातूचीच, बहुधा पोलादी असतात, त्यामुळे ‘प्लास्टिकचं पिस्तूल’ मेटल डिटेक्टरला सापडत नाही हीसुद्धा अफवाच. ग्लॉक या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलात स्लाइड पॉलिमरवर घासत नाही. फ्रेममध्ये बसवलेल्या चार छोट्या पोलादी रेलवर (पट्ट्यांवर) ती पुढेमागे धावते. उन्हाचीही भीती नको. फ्रेमचे नायलॉन २०० अंशांच्या वर वितळते. आपल्याकडचा ४३-४४ चा उन्हाळा त्याच्या जवळपासही जात नाही.

धातूमुळे मिळते ते वजन. ६०० ग्रॅमच्या पिस्तुलात १०० ग्रॅम वाढले की मागे येण्याचा वेग सुमारे सातव्या हिश्शाने घटतो. मनगट ढिले असेल तर हलकी फ्रेम स्लाइडबरोबरच मागे सरकते, स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी तोंडाशी अडकते. जड फ्रेम ही चूक थोडी पोटात घालते. सरावाच्या रेंजवर हा खरा फायदा आहे. दिवसभर कमरेला बाळगणाऱ्याला मात्र तेच १०० ग्रॅम नकोसे होतात.

ॲल्युमिनियमच्या बहुतेक फ्रेममध्ये रेलही ॲल्युमिनियमचीच असते. वरचा ॲनोडाइजचा (विद्युत प्रक्रियेने चढवलेला) कडक थर मिलिमीटरच्या वीसाव्या भागाएवढा. सुरुवातीला उंचवट्यांवर चांदीसारखी रेघ दिसते, ती चालते. पण पुसल्यावर फडक्यावर चकचकीत कीस आला किंवा नखाला खाच लागली, तर वापर थांबवावा. अशा रेलला पातळ तेलापेक्षा ग्रीसचा पुसट हात बरा. भरमसाट तेलात आपल्याकडची धूळ बसली की त्याचा खरकागद होतो. बाहेरून बसवलेल्या फ्रेममध्ये मॅगझीनची (काडतुसांच्या पेटीची) खाच केसभर खाली-वर झाली तरी काडतूस नळीत नीट चढत नाही, ते वेगळेच.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येत अग्निशस्त्राचे भागही येतात. त्यामुळे परदेशातून कुरियरने फ्रेम मागवणे म्हणजे परवान्याविना शस्त्र आयात करणे. अमेरिकेत काही पिस्तुलांची मूठ क्रमांकाविना सुटी विकतात, तो नियम इथे लागू नाही. ओळखीच्या लेथवर फ्रेम करून घेणेही गंभीर: विनापरवाना निर्मिती आणि फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. काम करायचेच असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात आधी लेखी विचारावे आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच द्यावे.

पिस्तूल टिकवायचे तर आधी ते टॉवेलमधून बाहेर काढा. सोलापुरी टेरी टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायची सवय अनेक घरांत आहे. सुती कापड तेल शोषून घेते, पावसाळ्यात दमट हवा धरून ठेवते, आणि गंज चढतो तो पोलादी स्लाइडवर. पॉलिमरला काहीच होत नाही.

आपला,
एक परवानाधारक वाचक, सोलापूर